मोडीतली नावं

कुठलीही वस्तू हातात आली की चाचा आधी ती उलटी करायचे आणि विचारायचे, "मालक कोण?" मग ते पातेलं असो, चमचा असो की माझी नवी पाण्याची बाटली. मी आपलं नाव सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगताय. बाटली कुठं सांगतेय?"

मुकुंदवाडीतल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर त्यांची बैठक. गळ्यात चष्मा, हातात नाव घालायचं मशीन. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, फक्त नीट बघितली नसतील. आपलं लक्ष आडनाव चुकतंय का याकडंच असतं. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कॅन्टीनच्या ताटांवर नाव घालून घ्यायला गेले आणि तिथंच अडकले, कारण चाचांच्या मागं पत्र्याची एक पेटी होती आणि तिच्यात काय काय आहे याची कुठंही यादी नव्हती. मला ते सहन होईना.

पेटीत होत्या फौजेतून परतलेल्या जवानांच्या वस्तू. नवी भांडी घेताना लोक जुनी मोडीत देतात. त्या ढिगात कधी फौजी मग यायचा, कधी जेवणाचा डबा, कधी पट्ट्याचं पितळी बक्कल. वजन व्हायच्या आधी चाचा ढीग चाळायचे. खिळ्यानं कोरलेलं नाव किंवा नंबर दिसला की वस्तू पेटीत, नसला की परत ढिगात. आपण दिवसभर नावं लिहितो, मग लिहिलेली वितळू कशी द्यायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

दर रविवारी मी वही घेऊन बसू लागले. अनुक्रमांक, वस्तू, नाव, कुठून आली, शेरा. शेरे चाचा सांगायचे आणि ते बहुतेक अक्षराबद्दल असायचे. "हात कच्चा, पण घाई नाही." एका मगावर नावाखाली 'हात लावू नये' असं कोरलेलं होतं. त्याचा शेरा, "हवालदार झाला असेल." सगळ्यात लाडका सतरा नंबरचा डबा. झाकणाच्या आत जवानाचं नाव, शेजारी 'शांता', शांतावर आडव्या रेघा आणि खाली ठसठशीत 'सुमन'. "अक्षर बघा कसं सुधारलं," चाचा म्हणायचे. "सुमननं सुधारलं."

नियम दोनच, दोन्ही त्यांचेच, वहीत लिहून ठेवले मी. घरचं कुणी आलं तर वस्तू परत द्यायची. आणि जुन्या वस्तूवर मशीन चालवायचं नाही.

एका रविवारी चितेगावहून एक आजी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक मेडल काढलं. चाचांनी ते उलटंसुलटं केलं, कडेवरून नख फिरवलं आणि सवयीनं विचारलं, "मालक कोण?"

"मालक जाऊन लई वर्सं झाली," आजी म्हणाल्या.

चाचांना एवढं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव असतं. ही कड कोरी होती. दर दसऱ्याला आजींनी ती चिंच आणि राख लावून घासली होती. आता जाऊबाई येता-जाता ऐकवायच्या, की नवऱ्याचं नाव हिनं आपल्याच हातानं पुसलं.

"खरं हाय ते," आजी म्हणाल्या. "मीच पुसलं. तुमी परत घालून द्या."

मी वही उघडून नियम दाखवला. पुन्हा कोरलेलं मेडल अस्सल राहत नाही, हेही सांगितलं. चाचांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आजींना नंबर विचारला. मालकांचं नाव त्या तोंडानं घेईनात, पेन्शनच्या कागदावर बोट ठेवलं. नंबर मात्र एका दमात, कुठंही न अडखळता सांगितला. नवरा फौजेत असताना पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यायच्या, पण पाकिटावरचा नंबर स्वतः सांगायच्या.

चाचांनी मशीन लावलं. नंबर झाला, नाव झालं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमचं नाव?"

"माजं कशापायी?"

"मेडल मिळवलं त्यांनी. एवढी वर्षं घासलं कोणी?"

आजींनी आधी मागं वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी नाव सांगितलं.

वहीत त्या मेडलची नोंद मी केली नाही. ते संग्रहातलं नव्हतं. चाचा मात्र पुढं कुणीही विचारलं की आपली सगळ्यात चांगली वस्तू चितेगावला आहे म्हणून सांगायचे. लाडका सतरा नंबरचा डबा आता दुसऱ्या क्रमांकावर गेला.

गेल्या थंडीत चाचा गेले. पेटी माझ्याकडं आहे. यंदा दसऱ्यानंतर मी दुकानात गेले होते तेव्हा आजी आल्या होत्या, चाचांना मेडल दाखवायला. चाचा नाहीत हे मीच सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी गाठ सोडून मेडल माझ्यासमोर धरलं.

"आता घासत नाय मी," त्या म्हणाल्या. "दोगं बी पुसून जातील."

मेडल पार काळवंडलं होतं. कडेवरची दोन्ही नावं साफ वाचता येत होती.