रिपोर्टमधून गेलेला फोटो

मंडळी, आज घास उतरत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

इंजिनात पेट्रोलचा फवारा कसा उडतो, ते मी आमच्या लॅबमध्ये लेसरच्या उजेडात मोजते. एका कंपनीचा नवा इंजेक्टर, म्हणजे तो फवारा उडवणारी नळी, तपासायला आला होता. त्याच्या एका छिद्राचा फवारा थेट पिस्टनवर आदळत होता. तसं झालं की पेट्रोल नीट जळत नाही, काजळीचा धूर होतो. मी पुन्हा पुन्हा फोटो घेतले. दर वेळी तेच.

सकाळी आमच्या गुजराती सरांनी रिपोर्ट पाहिला. "ज्योतीबेन, आ फोटो काढी नाखो ने. रिपोर्टमधून काढूनच टाका. पुढचं कामही हीच कंपनी देणार आहे."

"सर, मग मोजलं कशाला?"

सर चिडले नाहीत, नुसते हसले. दुपारी रिपोर्ट गेला. त्यात तो फोटो नव्हता आणि माझं नावही नव्हतं.

बमरोलीला घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांचं सगळं आयुष्य मिलमध्ये गेलं. म्हणाले, "नोकरी शे ना? मंग गप ऱ्हाय बेटा."

नोकरी आहे. उद्या त्याच कंपनीचा दुसरा इंजेक्टर लेसरसमोर लावायचाय. तुम्ही लावला असता?