धवलारणीची पाटी

चांगुणा कुठल्याही कामाला हात लावण्याआधी देवांना हाका मारायची. आधी गणपती, मग कुलस्वामिनी, मग गावदेवी, मग शिवेवरचा, मग डोंगरावरचा. चहाचं आधण ठेवायचं असो की भाताचं पहिलं रोप रोवायचं असो, ही यादी चुकायची नाही. शहापूरच्या स्टँडवर एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून ती नावं घेत उभी राहायची आणि मागची माणसं खोळंबायची. एक कंडक्टर तिला ओळखून होता. तो म्हणायचा, "आजी, बसले का सगळे देव? मारू का डबल बेल?"

"डोंगरावरचा राहिलाय. त्याला उतराया टाइम लागतो."

सगळी गाडी हसायची. ती हसायची नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

ही माझी बायको. गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेली. घरात आता भांडं पडलं तरी कुणी ओरडत नाही, एवढंच सांगतो. रडगाणं गायला मी बसलेलो नाही. ती कोण होती ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय. मी चार यत्ता शिकलेला माणूस, जन्म भातसानगरला धरणावर पहाऱ्यात गेला. गोड बोलायला मला येत नाही.

चांगुणा धवलारीण होती. आमच्याकडे लग्नाला भटजी असतो तो असतोच, पण हळद आणि मांडव धवलारणीशिवाय उभे राहत नाहीत. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. एकेका देवाला, गावच्या शिवेला, मांडवात रोवलेल्या उंबराच्या डहाळीलासुद्धा नाव घेऊन आवतण देते. एक नाव राहिलं तर तो देव रुसला असं धरतात. हे सगळं चांगुणाच्या डोक्यात होतं. तिच्या आईच्या तोंडून तिच्या तोंडात आलेलं. ती पाटावर बसून पहिला सूर लावायची तेव्हा तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात थांबायचे. मी पाहिलंय. तिचा मला गर्व होता आणि मी तो कधी लपवला नाही.

पण आवतणं कमी होत गेली. लग्नं हॉलमध्ये गेली, हळदीला डीजे आला. पोरं कल्याण-ठाण्याला राहायला गेली, त्यांना धवलारीण हा शब्दच माहीत नाही. तिच्या जोडीला गाणाऱ्या दोघी एकामागून एक गेल्या. शिकायला कुणी येईना. ती भात निवडताना एकटीच गायची आणि मधेच थांबायची. एकदा मला म्हणाली, "अवो, मला मरायचं भ्या नाय. पण ही गाणी माझ्यासंगं जळाया नकोत."

आमची सून रुपाली शहापूरला एका ऑफिसात वेबसाइटी बनवते. फार्महाऊसवाले, गाड्यांचे गॅरेजवाले, असे लोक येतात. तिनं हे ऐकलं आणि म्हणाली, "आई, तुमचं एक पान बनवते. ज्याला धवलारीण हवी तो शोधेल आणि तुम्ही सापडाल. शिकणारीपण सापडेल."

"माझं काय दुकान हाय?"

"दुकान नाही म्हणून तर कुणाला सापडत नाही तुम्ही."

चांगुणा कबूल झाली, पण अटीवर. पानाच्या डोक्यावर देवांची नावं पाहिजेत. लग्नपत्रिकेवर असतात तशी. सगळी, नेहमीच्या क्रमानं. रुपाली म्हणाली, डोक्यावरच्या ओळीत एवढं मावत नाही. चांगुणा म्हणाली, "माववायचं. आवतणात देव मागं ठेवलेला मी ऐकला नाय." सुनेनं सासूचं ऐकलं. एकाची तीन पानं झाली: हळदीचं पान, मांडवाचं पान, शिकवणीचं पान, आणि सगळ्यांच्या माथ्यावर तीच देवांची रांग. फोन नंबर माझा दिला, कारण चांगुणा फोन कानाला उलटा लावायची.

लग्नांचा हंगाम आला. पहिला फोन वाजला तशी चांगुणा हात पुसत धावत आली. पलीकडे एक बाई विचारत होती, "संध्याकाळची आरती किती वाजता असते?"

मी म्हटलं, "कुठली आरती?"

"तुमच्या मंदिराची."

दुसऱ्यानं महाप्रसाद असतो का विचारलं. तिसऱ्याला अभिषेक करायचा होता. त्याला चांगुणानं फोन हिसकावून सांगितलं, "घरीच कर रं बाबा. देव तुझ्याकडंपन हाय." हळदीसाठी एकही फोन नाही.

मग रुपालीनं मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं शोधून दाखवलं. बोटानं खाली, खाली, आणखी खाली गेल्यावर आमचं पान आलं. तिथं निळ्या अक्षरात एकच ओळ दिसत होती. गणपती प्रसन्न, कुलस्वामिनी प्रसन्न, आणि पुढे ओळ तुटून तीन टिंबं.

"गावदेवी कुठं गेली?" चांगुणानं विचारलं.

"कापली गेली, आई. डोंगरावरचापण. ही ओळ म्हणजे टायटल. लोकांना बाहेरून एवढंच दिसतं, म्हणून त्यांना हे देऊळ वाटतं. आत काय आहे ते दार उघडल्यावर कळणार. आणि तिन्ही पानांना एकच ओळ आहे, मग ते मशीन तरी काय ओळखणार, कुठलं पान हळदीचं आणि कुठलं शिकवणीचं?"

देव कापला गेला हे तिला फार लागलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं, संपलं हे. सकाळी चुलीपुढून उठली आणि सुनेला हाक मारली.

"गो रुपाली, इकडं ये. लगीनघरी मी येती तवा दारातून देवांना हाका मारती का?"

"नाही. पाटावर बसल्यावर."

"मग! दारात बायका काय बोलतात? 'धवलारीण आली गो.' देवाला पाटी लागत नाय. देव आत पाटावर बसवा, सगळे, कुनी कापायचा नाय. दारावर माझं काम लिवा."

रुपालीनं तिला मिठीच मारली. मग दोघी दुपारभर बसल्या. चांगुणा विचारायची, "ठाण्याची पोर काय बोलंल?" धवलारीण हा शब्द त्या पोरीला येत नसेल, हे रुपालीनं सांगितलं. म्हणून ओळ अशी ठरली: हळदीची गाणी गाणारी धवलारीण, शहापूर-मुरबाड. मांडवाच्या पानाला वेगळी ओळ, शिकवणीच्या पानाला वेगळी. ते तिला लगेच पटलं. "हळदीचं गानं मांडवात म्हटलं तर बायका तोंडाला पदर लावतील," म्हणाली. ओळीखाली दोन ओळींची जागा असते, पान उघडण्याआधी वाचायला. तिथं लिहिलं की बाई स्वतः येते, पेटी-तबला नाही, घरच्या बायकांना बरोबर गायला लागेल.

आमचा मुलगा जेवताना म्हणाला, "आई, तिथं डीजे, बँड, मंडप हेपण घाल ना. लोक तेच शोधतात. गर्दी होईल."

"गर्दी काय करू? डीजे शोधनारा येऊन मला बघंल नि शिव्या देऊन जाईल. जे मी करत नाय ते माझ्या दारावर लिवायचं नाय."

"बरोबर बोलतात आई," रुपाली म्हणाली, "आल्या पावली परत गेलेल्यांचा काही उपयोग नसतो." मुलगा भात कालवू लागला.

थोडे दिवस गेले आणि कल्याणहून एका मुलीचा फोन आला. तिचे आजोबा मुरबाडकडचे. तिला स्वतःच्या हळदीला आजीच्या वेळची गाणी हवी होती. आम्ही दोघं गेलो. इमारतीच्या गच्चीवर मांडव होता. चांगुणानं आधी मुलीची हनुवटी धरून विचारलं, "मला कसं शोधलंस गो?"

"आजी, तुमचं नाव कुठं माहीत होतं? हळदीची गाणी गाणाऱ्या बाई, एवढंच लिहिलं. तुम्ही आलात."

चांगुणानं माझ्याकडे पाहिलं. मग पाटावर बसून तिनं एकेका देवाला आवतण दिलं, डोंगरावरच्यालासुद्धा, आणि कुणी घाई केली नाही. मुलीची आत्या पदर डोळ्यांना लावून म्हणाली, हे मी लहानपणी ऐकलं होतं.

त्यानंतर आवतणं येत राहिली. पण चांगुणा वाट पाहत होती ती शिकवणीच्या पानाची. ते पान बराच काळ मुकंच होतं. मग खर्डीजवळच्या पाड्यावरची वनिता आली. लग्न झालेली, अंगणात उभी राहून म्हणाली, "मोबाइलवर वाचलं, धवला शिकवतात. गळा बरा नाय माझा, चालंल का?"

"गळा मग बघू. आधी गप बसून ऐकाया येतं का?"

वनिताला येत होतं. ती भातशेतीची कामं उरकून यायची. चांगुणा तिला लिहू देत नसे. चुकली की म्हणायची, "थांब, देव दारात उभा ऱ्हायला. त्याला आत घे, मग फुडं चल." खाटेला खिळली तेव्हाही तिनं शिकवणं सोडलं नाही. शेवटी आवाज गेला. वनिता गायची आणि ही नुसती बोटं हलवून क्रम धरायची. एका दुपारी वनितानं एकही नाव न चुकवता आवतण पुरं केलं. चांगुणानं बोटं थांबवली आणि डोळे मिटले. त्याच आठवड्यात गेली.

तेरावं झाल्यावर रुपालीनं हळूच विचारलं, "बाबा, पान काढून टाकू का?"

मी म्हटलं, "अजिबात नाही. पाटीवर काम लिहिलंय. काम बंद पडलेलं नाही."

परवा मुरबाडहून फोन आला. नवऱ्या मुलाची आई होती. "हळदीची गाणी म्हणणाऱ्या आजी आहेत का?"

मी वही ओढून घेतली. मग मी सांगितलं, "आजी गेली. धवला आहे. हळद कुठल्या गावाला, ते बोला."