लेस्टरची ठोकलेली गाडी

हेझलबाईंचं लेस्टर झिमरकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते त्याने हातोडा मारल्यानंतर. मारण्यात विशेष काही नव्हतं. भिंतीत खिळा ठोकावा तसा त्याने गाडीच्या टपावर मधोमध एक घाव घातला. मग हातोडा गवतावर आडवा ठेवला, गाडीचं डावीकडचं, चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडून पुन्हा लावलं, आणि ते नीट लागतंय याची खात्री झाल्यावरच तो बाजूला झाला.

१९८२ सालचा सप्टेंबर. अमेरिकेत कामगार दिन याच महिन्यात येतो; त्याचं जेवण चर्चच्या मैदानावर होतं आणि क्लेबर्गच्या कामगार संघटनेने तिथे एक छोटी, फिकट पिवळी जपानी गाडी आणून उभी केली होती. ॲरिझोनाला राहायला गेलेला दातांचा डॉक्टर ती मागे सोडून गेला होता. एका डॉलरला एक घाव, आणि जमा होईल ते कामावरून कमी केलेल्यांच्या घरी. क्लेबर्गमध्ये मोटारी बनायच्या, त्या वर्षी फारशा बनत नव्हत्या, कारण लोक जपानी गाड्या घेत होते. जाब विचारायला जपानपर्यंत जाणं कोणाला परवडत नव्हतं, म्हणून गाडी इथे आणली होती. कोणाला लागू नये म्हणून तिच्या काचा आधीच काढून चर्चच्या तळघरात ठेवल्या होत्या. बॅटरी काढायचं कोणाला सुचलं नव्हतं.

रांग सांभाळायचं काम हेझलबाईंकडे होतं. निम्म्या गावाला त्यांनी चौथीत शिकवलेलं, त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी मध्ये घुसत नसे. लेस्टर ओहायोतून आलेला, त्यांच्या हाताखालून न गेलेला.

"तुमचा डॉलर?" त्यांनी विचारलं होतं.

"मला कमी केलंय, बाई."

"मग तुम्हाला फुकट आहे. हवे तितके मारा."

"एक पुरे," लेस्टर म्हणाला होता.

शेवटचा घाव संघटनेचा अध्यक्ष वॉल्ट डोम्ब्रॉव्स्कीचा. धिप्पाड माणूस. चौथीतही धिप्पाडच होता आणि तेव्हाही सगळं शेवटी आणि जोरात करायचा. त्याने कोट काढला, उजव्या दारावर हातोडा घातला आणि दार कोपरभर आत गेलं. टाळ्या पडल्या. लेस्टरनेही वाजवल्या, पण दाराकडे बघत.

बटाट्याच्या सॅलडपाशी त्याची बायको आर्लीन हेझलबाईंना भेटली.

"उद्या सकाळी बार्टनला हजर व्हायचंय याला," ती म्हणाली. "हॉस्पिटलच्या बॉयलरवर काम मिळालंय. चाळीस मैल. फोनवर विचारलं, स्वतःची गाडी आहे का. हा म्हणाला, आहे."

"आणि नाही का?"

"आहे की. आमचा ट्रक आहे. विटांवर उभा आहे."

"काय झालं त्याला?"

"गिअरबॉक्स गेला. मग रेडिएटर. मग बाकीचं काय काय. ॲक्सल ठणठणीत आहेत. ॲक्सल यानेच बसवलेत ना कारखान्यात. बाकीचं म्हणतो दुसऱ्या खात्यांचं, त्यात मी तोंड घालणार नाही."

"उद्या नाही गेला तर?"

"तर जागा दुसऱ्याला. आणि आम्ही माझ्या बहिणीच्या तळघरात, ओहायोला." आर्लीनने त्यांच्या ताटात आणखी सॅलड वाढलं. "बहीण चांगली आहे. तळघरच वाईट आहे."

संध्याकाळी मैदान रिकामं करून द्यायचं होतं. गाड्या ओढून नेणारा संघटनेचा ट्रक दुपारपासून फाटकात उभा होता. मोठा, लाल, याच गावात बनलेला. वॉल्टने किल्ली फिरवली. ट्रक काही बोलला नाही. पुन्हा फिरवली. वॉल्ट उतरला, बॉनेट उघडून आत बघत राहिला, आणि बाकीचे त्याच्याकडे.

"दुपारभर लाऊडस्पीकर याच्या बॅटरीवर होता," तो म्हणाला. "त्यात ट्रकचा काही दोष नाही."

"नाहीच मुळी," दोघे-तिघे म्हणाले.

मग ठरलं की पिवळी गाडी निदान ढकलत कुंपणापर्यंत न्यावी. ढकलायला सगळे पुढे झाले. स्टिअरिंगवर कोणीतरी बसायला हवं होतं, पण जपानी गाडीत बसायला कोणी तयार होईना. लेस्टर बसला. किल्ली फिरवल्याशिवाय स्टिअरिंग मोकळं होत नव्हतं, म्हणून त्याने ती फिरवली. अंमळ जास्तच फिरली असावी.

गाडी सुरू झाली.

इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा, एका लयीत येत होता. बॉनेटवर पडलेले घाव थोडे थोडे थरथरत होते.

"बंद कर ते," वॉल्ट म्हणाला.

"बंद केलं तर ढकलावं लागेल."

वॉल्टने विचार केला. बराच वेळ केला, असं हेझलबाईंना वाटलं. मग तो हळूच म्हणाला, "केबल आहे का रे कोणाकडे?"

पिवळ्या गाडीच्या बॅटरीवरून लाल ट्रक सुरू करण्यात आला. तेवढा वेळ वॉल्ट कोट पसरून असा उभा राहिला की रस्त्यावरून केबल दिसू नये. पाऊस नव्हता, थंडी नव्हती, तो कोट का धरून उभा आहे हे कोणी विचारलं नाही.

ट्रक घुरघुरू लागल्यावर लेस्टर खाली उतरला. "ही भंगारातच टाकणार ना?" त्याने विचारलं. "मग मला दे. उद्या मला कामावर जायचंय."

"ही? गावातून फिरवणार? अरे, आम्ही सगळ्यांनी ठोकलीये ती. लोक हसतील."

"हसू देत."

"तुला नाही रे, लेका. आम्हाला हसतील." वॉल्टचा चेहरा लाल झाला होता. "आणि गाडी जपानी ती जपानीच."

लेस्टरने गाडीकडे नीट बघितलं. "होती," तो म्हणाला. "निम्मं काम तर आज इथेच झालंय."

कोणीतरी हसलं, आणि हसणं दाबलं. वॉल्टने हेझलबाईंकडे पाहिलं, चौथीत पाहायचा तसं.

"वॉल्टर," त्या म्हणाल्या, "पैसे कमी केलेल्यांसाठी जमवलेत ना? हा कमी केलेलाच आहे. पैशांऐवजी गाडी देऊन टाक."

"संघटनेच्या आवारात उभी करायची नाही," वॉल्ट अखेर म्हणाला.

"नाही करणार."

काचा त्या रात्रीतच बसल्या. दुसऱ्या सकाळी सातला लेस्टर बार्टनच्या बॉयलरपाशी हजर होता, आणि फोनवर तो खोटं बोलला नव्हता.

गाडीला पुढचे दिवे त्याने आपल्या ट्रकचे लावले. ते मोठे होते, त्यामुळे समोरून ती कायम दचकल्यासारखी दिसायची. पोचे त्याने काढले नाहीत. गावातले लोक आपापला ओळखायचे. न्हाव्याकडे बसलेले दोघे खिडकीतून बोट दाखवायचे, "टपाच्या मागचा तो माझा." "माझा बघ, मडगार्डवरचा." काही वर्षांनी त्यात थोडा अभिमानही आला.

कुठली गाडी टिकाऊ, आपली की त्यांची, हा वाद न्हाव्याकडे रोज असायचा आणि लेस्टर आला की त्याला निकाल विचारला जायचा. तो म्हणायचा, "ॲक्सल आपले चांगले." आणखी खोदून विचारलं तर म्हणायचा, "इंजिन त्यांचं." हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पिवळ्या गाडीचे तळाचे पत्रे खाऊन टाकले, तेव्हा त्याने आर्लीनचा केक भाजायचा ट्रे तिथे बसवला आणि न्हाव्याकडे तेही सांगितलं. "पत्रा काही खरा नाही त्यांचा." त्याच्याकडून कोणाच्याच बाजूचं पुरतं मत निघत नसे.

पुढच्या वसंतात कारखान्याची दुसरी पाळी बंद झाली. वॉल्टलाही कमी केलं. लेस्टरने बार्टनला शब्द टाकला, आणि हॉस्पिटलच्या धुलाईघरात वॉल्टला जागा मिळाली. त्याची स्वतःची मोठी गाडी होती, पण त्या आठवड्यात ती दुरुस्तीला होती. तिचाही दोष नव्हता.

सकाळी हेझलबाई दुधाच्या बाटल्या उचलायला बाहेर आल्या, तेव्हा कोपऱ्यावर वॉल्ट डबा घेऊन उभा होता. पिवळी गाडी थांबली. वॉल्टने उजवं दार ओढलं. पुन्हा ओढलं.

"ते उघडत नाही," लेस्टर आतून म्हणाला.

"का?"

वॉल्टने दाराकडे पाहिलं, स्वतःच्या पोच्याकडे. मग तो गाडीला वळसा घालून डावीकडे आला. लेस्टर उतरला, त्याने आपलं दार धरलं, आणि तो धिप्पाड माणूस डबा पुढे धरून गिअरवरून पलीकडे सरकला. ते दार पहिल्याच वेळी नीट लागलं.

"मोठी गाडी कधी मिळणार?" लेस्टरने विचारलं.

"शुक्रवारी, म्हणतात."

शुक्रवारी मिळाली नाही. पुढे मिळाली, पण तोवर वॉल्टला सरकायची सवय झाली होती.

पिवळी गाडी पुढे कित्येक वर्षं चालली आणि खालून संपली. लेस्टर आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. त्याच्याकडे एक हिरवा ट्रक आहे, अमेरिकन. आठवड्यातून तीनदा तो वॉल्टला डायलिसिससाठी बार्टनला घेऊन जातो. ट्रकची दोन्ही दारं बाहेरून उघडतात.