बंदुकीची आंघोळ

माझं माहेर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठचं. तिकडे सपाट रान, उसाचे फड आणि बंदूक म्हणाल तर बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याची. त्यामुळे लग्न होऊन मेढ्याच्या पुढे डोंगरातल्या या गावात आले आणि माजघरात खुंटीवर माझ्याएवढ्या उंचीची बंदूक बघितली, तेव्हा सुरुवातीला मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवत होते. मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ते ध्यानात आलं. एका सकाळी म्हणाले, की बंदुकीला आंघोळ घालायची आहे, पाणी तापत ठेव.

मला वाटलं थट्टा करतायत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, नवरा फौजेत, घरात आम्ही दोघंच. थट्टा करायला त्यांना दुसरं होतं तरी कोण? पण त्यांनी खरंच न्हाणीत बादली मांडली, नळी लाकडापासून सोडवली आणि बाळाला आणावं तशी दोन्ही हातांवर घेऊन आले.

ही आमची ठासणीची बंदूक. हिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर चिंधी घालायची आणि लोखंडी गजाने ठासायची. मागे घोड्याखाली एक इवलीशी टोपी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी बारीक भोकातून आत जाते आणि बार उडतो. परवाना शेतसंरक्षणाचा, मामंजींच्या वडलांपासून घरात चालत आलेला. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. मग दिवस मावळून कडुसं पडताना बांधावर जाऊन नुसता बार काढायचा. त्यात गोळी नाही, छर्रा नाही. आवाजानेच कळप डोंगराला लागतो.

मामंजींनी आधी गज नळीत सोडला. तळाला लागून खणकन वाजला, म्हणजे आत काही भरलेलं नाही. मग नळीचं बूड उकळत्या पाण्यात बुडवलं आणि गजाला फडकं गुंडाळून वरखाली करू लागले. मागच्या भोकातून पाणी आत ओढलं जाई आणि तिथूनच बाहेर येई, काळंकुट्ट, आणि वास असा की न्हाणीत उभं राहवेना. बादलीमागून बादली, स्वच्छ पाणी येईपर्यंत.

लोखंडाला पाणी लावताय, गंजेल की, असं मी म्हणून गेले. त्यांनी मान वर केली नाही. ‘‘तू तवा धुतीस का न्हाई? चुलीवर टाकला की आपला आपुन वाळतो. गंजवती ती दारूची काजळी, पोरी. मिठावानी असती ती, हवंतली वल वडून घेती. तिला पाणीच लागतं, तेलाला दाद देत न्हाई.’’

शेवटचं पाणी सळसळतं ओतलं तेव्हा नळी इतकी तापली, की फडक्याशिवाय धरवेना, आणि बघता बघता आतून कोरडी झाली. मग आतबाहेर खोबरेलाचा हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत फडकं घालून बघायचं, आणि खुंटीवर ठेवताना तोंड खाली, म्हणजे तेल मागच्या भोकात उतरत नाही. एवढं सगळं त्यांनी मला सांगितलं. मला, उसाच्या रानातून आलेल्या आणि बंदुकीकडे पाठ करून जेवणाऱ्या मुलीला. त्या घरात मी परकी नाही असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या घाणेरड्या वासाच्या न्हाणीत, हे सांगताना आजही हसू येतं.

पुढच्या वर्षी घरात पाळणा हलला आणि आमचे फौजी गणपतीला सुट्टीवर आले. त्यांना मी तोंडावर काही म्हणत असले तरी मनात आमचे फौजी असंच म्हणते. नेमकं त्याच सुमाराला मामंजींच्या डोळ्याचं साताऱ्याला ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा लावून ते दिवसभर आतल्या खोलीत पडून असत. चुलीच्या धुराजवळ जायची बंदी, न्हाणीच्या वाफेजवळ जायची बंदी. डुकरांना कुणीतरी हे कळवलं असावं, कारण त्या साली ती रोज आली. आणि रोज संध्याकाळी आमचे फौजी बांधावर जाऊन बार काढत. सुट्टी संपत आली तेव्हा म्हणाले, की बंदूक मी साफ करून जातो, आबांना त्रास नको.

मी चहा घेऊन अंगणात गेले तर सतरंजीवर सगळा थाट मांडलेला. फौजेतली तेलाची बाटली, पांढऱ्याशुभ्र चिंद्यांच्या पट्ट्या, ब्रश. त्यांची ती दोरी, जी म्हणे नळीच्या एका तोंडातून घालून दुसऱ्यातून ओढायची, ती काही कामाला आली नव्हती, कारण आमच्या नळीचं बूड बंद. म्हणून गजालाच चिंदी गुंडाळून तेल चोळणं चाललेलं. पाणी तापवू का, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण ज्या माणसाची भाकरीच बंदुकीवर आहे त्याला मी काय शिकवणार, असं वाटून मी चहा ठेवून आत आले. बंदूक आतल्या खोलीत नेली तेव्हा मामंजींनी चष्म्याआडून नुसता हात फिरवला, तेलाचा वास घेतला आणि म्हणाले, ‘‘झाक केलीस गड्या.’’ लेकाचं तोंड असं फुललं, की ते मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी फौजी गेले.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून मामंजींनी बंदूक काढली. चष्मा तोवर सुटला होता. सवयीने गज आत सोडला, तर तो खणकन वाजलाच नाही. मध्येच खरखरत अडकला. फडकं घालून बाहेर काढलं ते गेरूत बुडवल्यासारखं. मामंजींनी ते बोटांत चोळून पाहिलं. काजळी तशीच आत राहिली होती आणि वरून तेल चढलं होतं. आमच्याकडची ओल तुम्हाला ठाऊक नसेल. भाद्रपदात काडेपेटीसुद्धा चुलीच्या वैलावर ठेवावी लागते. त्या ओलीला महिना पुरेसा होता.

माझं डोकंच फिरलं. एवढी बापजाद्यांची वस्तू, आणि साधं विचारता येऊ नये? मी मोबाइल उचलला. रेंज मिळायला देवळामागच्या टेकाडावर जावं लागे, तशी मी चप्पल घालून निघालेही. मामंजींनी हाक मारून थांबवलं.

‘‘त्याला सांगायचं न्हाई.’’

मी म्हटलं, न सांगून कसं चालेल, पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच करतील.

‘‘फुडच्या सुट्टीत मी बंदूक खालीच काढत न्हाई. पर तू सांगू नगंस. तिकडं बर्फात बंदूक घेऊन हुबा हाय त्यो. हितनं कळलं, की आपल्या हातनं बापाची बंदूक बिगाडली, तर त्याचा हात कचरायचा. तितं हात कचरून चालत न्हाई. लोखांड काय, घासता येतंय.’’

मी चप्पल काढली. इतका वेळ बंदुकीसाठी जीव चाललाय असं मला वाटत होतं. त्यांचा जीव दुसरीकडेच होता.

मग आम्ही घासायला बसलो. रॉकेल ओतून नळी ठेवली, गजाला काथ्या गुंडाळला, चिंचेचा कोळ घातला, मग पुन्हा उकळतं पाणी. मामंजींना फार जोर लावायचा नव्हता, डोळा अजून नाजूक, म्हणून गज माझ्या हातात. ते शेजारी बसून आवाजावरून सांगत, इथं अजून धरतंय, जरा फिरव. दसरा गेला, भातकापणी आली, तरी आमचं आपलं चाललेलंच. माझ्या हातांना रॉकेलचा वास इतका बसला, की पाळण्यातलं लेकरू उचललं की तोंड फिरवी. हळूहळू फडकं पांढरं निघू लागलं. पण बुडाशी गंजाने पाडलेले बारीक खड्डे काही गेले नाहीत. ते जाणारच नव्हते.

अशी नळी बार सोसेल का, ही भीती होती. मामंजींनी बंदूक बांधावरच्या आंब्याच्या बुंध्याला करकचून बांधली, घोड्याला लांब सुतळी लावली आणि आम्ही दोघं शेताच्या दगडी तालीच्या आड जाऊन बसलो. सुतळी त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, घासलीस तू, तर ओढ पण तूच. मी डोळे मिटून ओढली. बार उडाला, डोंगराने परत दिला, आणि नळी शाबूत. मामंजींनी डोक्याचा पटका काढून तोंड पुसलं. पुढे आयुष्यभर त्यांनी तिच्यात निम्मीच दारू घातली, आणि प्रत्येक बारानंतरची आंघोळ माझ्याकडे आली. लेक सुट्टीवर असला की बंदूक खुंटीवरून हलायची नाही. काय तर म्हणे, सुट्टीत तरी त्याच्या हातात बंदूक नको.

मामंजी गेले तेव्हा फौजी वाटेत होते. माती मिळाली नाही त्यांना बापाची. बंदूक नियमाप्रमाणे ठाण्यात जमा करायची होती. मी तिला शेवटची आंघोळ घातली, तेलाऐवजी मेणाचा हात दिला आणि फडक्यात गुंडाळून पाठवली. फौजी निवृत्त होऊन आले, परवाना त्यांच्या नावावर झाला, आणि गेल्या वर्षी बंदूक जशी गेली तशी घरी आली. तरी एकदा जाणकाराला दाखवावी म्हणून आम्ही दोघं गाडी काढून सांगलीला गेलो. तिथे एक परवानाधारक कारागीर आहे. त्याने नळीत बारीक दिवा सोडला आणि बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला.

‘‘कधीकाळी दारू धुतली नाही हिची,’’ तो म्हणाला. ‘‘बुडाला खड्डे पडलेत. पण नंतर कुणीतरी जीव लावून राखलीय, म्हणून टिकली. गरम पाण्यानं धूत जा.’’ फौजींनी पाण्याचं सगळं नीट विचारून घेतलं. मी दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत उभी.

परतताना कराड मागे पडलं. तेव्हा फौजी म्हणाले, ‘‘डोळ्याचं सोडलं तर आबांच्या कुटल्याच दुखण्याला मी न्हवतो. शेवटालाबी न्हवतो. त्यांच्या मनासारखं माज्या हातनं एकच काम झालं बघ. त्या सुट्टीत बंदूक साफ करून दिली हुती. झाक केलीस म्हणाले हुते.’’ गिअर बदलून म्हणाले, ‘‘म्हातारपणी त्यांचंच ध्यान राहिलं नसंल. डोळंबी गेलं हुतं.’’

ज्या बापाने लेकाची चूक आयुष्यभर पोटात ठेवली, त्याच्याच माथी ती येऊन बसावी? आता हे बर्फात नव्हते, हात कचरण्याची भीती नव्हती. खरं सांगून मोकळं व्हावं असं मनात आलं. पण ते ‘झाक केलीस’ त्यांनी एवढी वर्षं बर्फात जवळ बाळगलं होतं, आणि बापाच्या तोंडचं दुसरं कौतुक त्यांच्यापाशी नव्हतं. मामंजींनी मला ते घर दिलं, हातात गज दिला, सुतळी दिली. त्यांचं एवढं एक माझ्याकडून व्हायलाच हवं होतं.

‘‘त्यांना काय म्हणू नका,’’ मी म्हटलं. ‘‘तुमी गेल्यावर मी हात लावला. माज्या हातनं झालं.’’

त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. वाटलं, आता बोलणार. पण तोंडावर आलं ते हसू.

‘‘एवढं तेल घालून गेलो हुतो मी, तरीबी गंजवलीस व्हय?’’ मग जरा मायेनं म्हणाले, ‘‘जाऊ दे. नवीन हुतीस, तुला तरी कोण सांगणार. आबांनी सावरली म्हण की मग.’’

ते मात्र खरं होतं. मी हो म्हटलं.

त्या आठवड्यात डुकरं उतरली आणि फौजींनी बार काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर न्हाणीत बादली मांडलेली, नळी सोडवलेली, आणि ते मला हाका मारतायत, की पाणी उकळलं असेल तर आण आणि इथे बस, एकदा नीट बघून घे, म्हणजे परत अशी गंजायची नाही. मी सळसळतं पाणी नेऊन ओतलं, त्यांच्याशेजारी पाट ओढून बसले आणि म्हटलं, ‘‘शिकवा.’’