वीसच्या डबीतलं भिंग

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत गेली तेवीस वर्षं एकच माणूस आहे. हजेरीपटावर त्याचं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं लिहिलेलं आहे, पण मुलं त्याला एकेकमामा म्हणतात. हे नाव आधी पाठीमागे घेतलं जायचं, आता तोंडावरही चालतं. मुलं घोळक्याने दारातून घुसायला लागली की हा आडवा हात धरून उभा राहतो आणि म्हणतो, "एकेक. एकेक." परीक्षानळी धुवायची, पुसायची, स्टँडमध्ये ठेवायची, मग दुसरीला हात लावायचा. डबा खातानाही तेच. आधी भाजी संपवणार, मग भात. एकदा त्याची बायको काही कामाने शाळेत आली होती. मी तिला विचारलं, घरीही असंच का? ती म्हणाली, "बाई, ह्यांनी मला होकार द्यायला आठ महिने लावले. एका मुलीचा विचार पूर्ण झाल्याशिवाय दुसरीचा फोटोही बघणार नाही म्हणाले. माझं नशीब, मी पहिलीच होते."

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते. माझा स्वभाव नेमका उलटा. वह्या तपासताना मी फोनवर बोलते आणि फोनवर बोलताना चहा पिते, त्यामुळे दर महिन्याला एखादी वही चहात न्हाऊन निघते. साहजिकच मामाचं आणि माझं वरचेवर वाजतं. मी म्हणते, मामा, आवरा. तो म्हणतो, बाई, सावकाश. तेवीस वर्षांत त्याने एकही काचेची नळी फोडलेली नाही आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. नवीन शिक्षक रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच त्याला हे ऐकावं लागतं.

वर्षाच्या शेवटी आमच्याकडे बक्षीस समारंभ होतो. तो सगळीकडेच होतो, पण आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आल्या आणि त्यांनी एक खोडा घातला. प्रमाणपत्रावर नुसतं नाव आणि क्रमांक लिहायचा नाही, तर ते मूल काय शिकलं हे एका वाक्यात लिहायचं. ते वाक्यही ज्याने ते शिकताना पाहिलं त्यानेच लिहायचं, मग तो शिक्षक असो, माळी असो की बसचा ड्रायव्हर. 'हुशार', 'मेहनती', 'होतकरू' हे शब्द बाद. पहिल्या वर्षी आम्ही शिक्षकांनी खूप कुरकुर केली. हे तीन शब्द काढून घेतले तर आम्हाला मुलांबद्दल बोलायला काही उरतच नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

माळ्याने मात्र पहिल्याच वर्षी लिहिलं, 'ही मुलगी आता रोपाला पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघते.' मोठ्या बाईंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि आम्ही मान खाली घातली.

या प्रथेप्रमाणे प्रयोगशाळेच्या चषकाचं वाक्य एकेकमामा लिहितो. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला हा चषक मिळतो. यंदा तो वर्गाच्या मॉनिटरला जाणार होता. सगळ्यांच्या गुणांची यादी मीच तयार केली होती आणि सूचना फलकावर लावलीही होती.

आता परीक्षेत काय होतं ते सांगते. सोपा प्रयोग आहे. खिडकीसमोर भिंग धरायचं, मागे पांढरा पडदा. पडदा पुढेमागे करत राहिलं की एका जागी मैदानापलीकडचं झाड पडद्यावर उलटं आणि स्वच्छ उमटतं. तिथे थांबायचं आणि भिंग ते पडदा हे अंतर पट्टीने मोजायचं. ते त्या भिंगाचं नाभीय अंतर. प्रत्येक भिंगाची छोटी पुठ्ठ्याची डबी असते आणि तिच्यावर मामाच्या वळणदार अक्षरात त्या अंतराचा सेंटीमीटरमधला आकडा लिहिलेला असतो. परीक्षेला आम्ही वीसची डबी ठेवली होती. एकेचाळीस मुलं आळीपाळीने त्याच टेबलाशी आली. चाळीस जणांनी वीसच्या आसपास उत्तर लिहिलं. कुणी एकोणीस पूर्णांक आठ, कुणी वीस पूर्णांक एक. मॉनिटरने अगदी वीस.

एकीनेच पंधरा लिहिलं. शाळेसमोरच्या टेलरची ती मुलगी. मागच्या बाकावर बसते, विचारल्याशिवाय बोलत नाही. तिने तीन वेळा मोजलं होतं: पंधरा पूर्णांक एक, पंधरा, पंधरा पूर्णांक दोन. खाली लिहिलं होतं, 'डबीवर वीस आहे पण मला पंधराच येतंय.' मी तिच्या उत्तरावर लाल रेघ मारली, आकृतीचे म्हणून दहापैकी दोन गुण दिले आणि पुढचा पेपर ओढला. एकंदर अर्धं मिनिट लागलं असेल.

चार दिवसांनी ती माझ्याकडे अर्ज घेऊन आली. दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची याचा तो अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा होता आणि त्यावर विज्ञानाच्या शिक्षकाची सही लागते. तिने वाणिज्य लिहिलं होतं. मला आश्चर्य वाटलं, कारण सातवीपासून ती विज्ञानच म्हणत होती.

"का गं? घरच्यांनी सांगितलं का?" मी विचारलं.

"नाही. बाबा म्हणतात तुला हवं ते घे." मग खाली बघत म्हणाली, "बाई, मला प्रयोग जमत नाहीत. तीन-तीनदा मोजूनही चुकतं."

अर्जावर पालकांची सही राहिली होती, म्हणून मी तो परत दिला. सही असती तर मीही करून टाकली असती, आणि विषय तिथेच संपला असता. हे आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो.

बुधवारी एकेकमामा चषकाचं वाक्य लिहायला बसला. त्याआधी त्याने माझ्याकडून सगळे पेपर मागून घेतले. मी म्हटलं, "मामा, एका मुलाचं वाक्य लिहायचंय, एकेचाळीस पेपर कशाला?" तो म्हणाला, "बघतो सगळे. एकेक." मी कपाळाला हात लावला आणि गठ्ठा त्याच्या हवाली केला.

अर्ध्या तासाने तो शिक्षक खोलीच्या दारात उभा होता. एका हातात टेलरच्या मुलीचा पेपर, दुसऱ्या हातात वीसची डबी. चेहरा पार उतरलेला.

"बाई, या डबीत पंधराचं भिंग आहे," तो म्हणाला. "आत्ता मोजून आलो. पोरीचं बरोबर आहे."

तो पुढे सांगत गेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो भिंगं पुसत होता. तेवढ्यात सभागृहात पडदा लावायला त्याला बोलावणं आलं, आणि एकदा नव्हे तर तीनदा. शेवटी घाईघाईत त्याने वीसचं आणि पंधराचं अशी दोन भिंगं एकदम बाहेर काढली आणि परत ठेवताना डब्यांची अदलाबदल झाली.

"तेवीस वर्षांत पहिल्यांदा दोन काढली," तो म्हणाला. "चूक माझी आहे. तिला गुण द्या."

इथे मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "मामा, यादी फलकावर लागली आहे. चषकावर नाव कोरायला गेलंय. आता कशाला उकरून काढायचं? तिला मी वेगळं बोलावून समजावते."

"यादी टाचणीने लावली आहे," मामा म्हणाला. "टाचणी निघते." आणि तो डबी घेऊन निघून गेला. तो माझ्याशी रागावून बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी दहावीचा वर्ग प्रयोगशाळेत आणला. टेबलावर तेच भिंग ठेवलं, पण डबीशिवाय, आणि पाच जणांना मोजायला सांगितलं. पंधरा, पंधरा, चौदा पूर्णांक नऊ, पंधरा, पंधरा. वर्गात चुळबुळ सुरू झाली. मी म्हटलं, परीक्षेला हेच भिंग होतं.

मॉनिटर उभा राहिला. पोरगा सरळ आहे, त्याचे कान लाल झाले होते. "बाई, मला तेव्हाही पंधराच आलं होतं."

"मग वीस का लिहिलंस?"

"डबीवर वीस होतं. मला वाटलं माझंच चुकलं. आणि तुम्ही वीसलाच मार्क दिले असते."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि पुरावा माझ्याच लाल रेघेचा होता. चाळीस मुलांनी झाड डोळ्यांनी पाहिलं आणि डबीवरचा आकडा उतरवून काढला. हे त्यांना मीच शिकवलं होतं, तेही वर्षभर, मन लावून. मागच्या बाकावरची टेलरची मुलगी टेबलाकडे टक लावून बघत होती. रडत नव्हती, हसतही नव्हती. मी तिच्यापाशी गेले आणि सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं." ती फक्त "हो बाई" म्हणाली. तिचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही. अर्जाबद्दल विचारायचा धीर झाला नाही.

मोठ्या बाईंनी यादी बदलली. चषकावर नाव कोरायचं काम सुदैवाने अजून सुरू झालं नव्हतं. पण मामा लिहून आणलेलं वाक्य स्वतः मंचावरून वाचणार म्हणाला, तेव्हा त्या जरा कचरल्या. "मामा, पालक असतात, पाहुणे असतात. तुमची चूक चारचौघांत कशाला?"

"तिला दोन गुण मिळाले ते चारचौघांतच कळलं होतं ना," मामा म्हणाला. यावर मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर.

शनिवारी सभागृह भरलं होतं. टेलरकाका दुकान बंद करून आले होते. गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती आणि ती तशीच घेऊन ते शेवटच्या रांगेत बसले होते. मामा मंचावर आला. कागद दोन्ही हातांनी धरून त्याने वाचलं, "या मुलीने डबीवरचं लिहिलं नाही, पडद्यावर दिसलं ते लिहिलं. डबी मी भरली होती, आणि मी ती चुकीची भरली होती."

क्षणभर कुणालाच कळेना की टाळ्या वाजवायच्या की नाही. पहिली टाळी मॉनिटरने वाजवली, मग सगळा वर्ग, मग सभागृह. टेलरकाकांनी टेपच्या टोकाने डोळे पुसले. मुलीने चषक घेतला, पाहुण्यांना नमस्कार केला, मामाकडे बघितलं आणि भराभर पायऱ्या उतरून गेली. मला तिचा चेहराही नीट दिसला नाही. तिचा अर्ज अजून तिच्याकडेच होता आणि त्यावर वाणिज्यच लिहिलेलं होतं.

सोमवारी सकाळी मी अर्जांचा गठ्ठा घेऊन बसले. दुपारपर्यंत चाळीस आले. तिचा नाही. मधल्या सुट्टीत मला राहवेना. वर्गात गेले, ती नव्हती. कुणीतरी म्हणालं, प्रयोगशाळेत आहे, सकाळी शाळा भरायच्या आधीही तिथेच होती.

दारातच मामाने मला आडवा हात केला, आणि मग बाजूला झाला. खिडकीजवळच्या टेबलावर सगळ्या डब्या ओळीने मांडल्या होत्या. ती एकेक भिंग काढून मोजत होती आणि वहीत लिहीत होती. दोन डब्या अदलाबदल झाल्या तर बाकीच्या कशावरून बरोबर, असं तिने मामाला विचारलं होतं म्हणे. मामाने तिच्या हातात किल्लीच दिली.

"बाई, ही दहाची डबी," ती म्हणाली. "यातलं बारा येतंय. चारदा मोजलं. मामांनी पण मोजलं."

"ती डबी दुकानातून आली तशीच आहे," मामा हळूच म्हणाला. "नऊ वर्षं झाली. मी फक्त वरचा आकडा गिरवला."

ते भिंग मी ओळखत होते. दर जूनमध्ये पहिल्या तासाला तेच हातात घेऊन मी वर्गाला प्रयोग करून दाखवते. झाड पडद्यावर आणते, पट्टी लावते आणि मोठ्या आवाजात म्हणते, दहा. नऊ वर्षं, नऊ वर्ग. त्यातली कितीतरी मुलं पुढच्या बाकावर, पट्टीपासून हातभर अंतरावर बसलेली असायची.

"दाखव," मी म्हटलं. तिने भिंग माझ्या हातात दिलं. झाड उमटलं, पट्टी लावली. बारा. मी पुन्हा मोजलं. बाराच.

"आता काय लिहायचं डबीवर?" तिने विचारलं.

"तूच लिही," मी म्हटलं.

तिने जुना आकडा खोडला, बारा लिहिलं आणि खाली आजची तारीख घातली. मग काहीतरी आठवल्यासारखं दप्तरातून अर्ज काढला. वाणिज्यवर एक सरळ रेघ होती आणि वर विज्ञान लिहिलं होतं. शेजारी टेलरकाकांची सही.

"बाई, खोडलेलं चालतं ना?" ती म्हणाली. "आणि जरा लवकर सही करा. अजून चार डब्या राहिल्यात."