बाळ हलेना तेव्हा

"हा हिवताप नाही," यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पायलायटिस आहे. मूत्रपिंडाला सूज आली आहे."

मला सातवा महिना होता. पहिलंच बाळंतपण. त्यांनी पाठीला बरगडीखाली बोट लावताच मी ओरडले. लघवीतले जंतू वर चढून तिथं पोचतात, गरोदर बाईला हे होऊ शकतं, असं त्यांनी समजावलं. मी एकच विचारलं, "बाळ?"

"आधी ताप उतरू दे."

हे काही उत्तर नव्हतं. 

कळंबला घरी असताना लघवीला आग व्हायची. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी बाईले होतेच तसं." मग एका दुपारी हुडहुडी भरली. गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. हिवताप समजून काढे झाले. ताप उतरे, पुन्हा चढे. पाठ इतकी ठणके की कूस बदलता येईना. शेवटी नवऱ्यानं मला उचलून मोटारीत बसवलं.

निघताना शेजारीण दारातून बोलली होती, "घरातले देव बाहेर काढले, आता भोगा." आदल्या वर्षीच आम्ही बौद्ध झालो होतो. देव सासूबाईंनी स्वतःच्या हातानं उचलले होते. तापात ते बोलणं माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

वॉर्डात सुया सुरू झाल्या. ताप हटेना. एका सकाळी जाणवलं, बाळ हलत नाही. पोटावर हात ठेवून वाट पाहिली. चहा आला, तसाच थंड झाला. काहीच नाही. मी रडत सासूबाईंना म्हटलं, "देवच कोपला असंन. परत आणून ठेवू का?"

त्या म्हणाल्या, "देव कायले कोपन? डॉक्टरीणबाईनं तुह्या लघवीतले जंतू काचेतून पाह्यले. त्याईलेच मारून राह्यले हे लोक. तू पडून राह्य." आणि त्या अनवाणीच डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावल्या.

डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला. नळी इकडे सरकवली, तिकडे सरकवली.  

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "तुझ्यासोबत तेही थकलंय."

दुसऱ्या दिवशी दरदरून घाम फुटला, अंग निवलं. संध्याकाळी पेज पिताना आतून अशी लाथ बसली की वाटी सांडली. सासूबाई लुगड्यावरची पेज झटकत हसत होत्या, रडतही होत्या.

दिवस भरून मुलगी झाली. अंगानं बारीक, पण रडणं खणखणीत. डॉक्टरीणबाईंचे उपकार मी कशानं फेडू?

अजूनही कुणी पोटुशी बाई तापली असं ऐकलं की हातातलं काम टाकून मी जाते आणि सगळं सरळ विचारते. बायांनो, ताप असो, पाठ ठणको की लघवीला आग होवो, लाजू नका. दवाखान्याची भीती वाटेल. मलाही वाटली होती. पण घाबरत का होईना, जा.