पोकळ कॅमेरा आणि माझा खांदा

माझ्या धाकट्या भावाला सगळे बाजूलामामा का म्हणतात, ते आधी लिहून घे. तो लग्नांचं शूटिंग करतो. अंगानं काडी, आणि हातातला कॅमेरा साबणाच्या डबीएवढा. हा कॅमेरावाला आहे असं कुणाला वाटायचंच नाही. जो तो म्हणायचा, जरा बाजूला व्हा. हा गरीब गाय, व्हायचा बाजूला. एका लग्नात तर ऐन अंगठी घालायच्या वेळी मुलीचा मामा ह्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला तो हललाच नाही. घरी टीव्हीवर लावून बघतात तर अंगठी नाही, बोटं नाहीत, नुसती मामाची पाठ. खूश झाला तो एकटा मामाचा शिंपी. शिवण काय झकास आलीय म्हणाला.

त्याचा बोभाटा झाला आणि कामं आटली. शेवटी एका साखरेच्या व्यापाऱ्यानं मुलीच्या लग्नाला बोलावलं, पण अट घातली, खांद्यावरचा मोठा कॅमेरा असेल तरच या. हे काम गेलं तर भाऊ पुन्हा मेव्हण्याच्या दुकानात खिळे तोलायला बसणार होता. मेव्हणा म्हणजे तुझेच आजोबा. त्यांनी तर तराजू पुसूनसुद्धा ठेवला होता.

मग आम्ही दोघं गेलो कॅमेऱ्याच्या दुकानात. नवाकोरा आपल्या आवाक्यातला नव्हताच. दुकानदारानं आमच्या चपला बघूनच ओळखलं आणि तो काचेच्या कपाटातून काढलाही नाही. एक जुना दिला. त्याचं चित्र लख्ख, पण खांद्यावर घेतला तसा भाऊ एका अंगाला कलला. दिवसभर तो उचलायचा म्हणजे ह्यालाच उचलायला माणूस लागला असता. तिसरा दिसायला तेवढाच दांडगा, परवडणारा, पण उचलला तर रिकाम्या पिंपासारखा. भावानं तो उलटापालटा केला, बटणं दाबून बघितली आणि तोंड पाडून मला कोपऱ्यात घेतलं.

"ताई, ह्याच्या आत माझ्या छोट्यातलंच सगळं आहे गं. वर नुसतं पोकळ खोकं चढवलंय."

मी म्हटलं, तू तो खांद्यावर घेऊन एकदा दुकानातून चालून तर दाखव. तो चालला. आणि काय सांगू तुला, गल्ल्यापाशी उभी असलेली माणसं भराभर भिंतीला चिकटली. एका बाईनं केस सारखे केले. दुकानदारानं स्वतःच्याच दुकानात पोट आत घेतलं.

"हाच घे," मी म्हटलं. "आतलं तुझ्याकडे आहेच. आपल्याला वरचंच हवं होतं."

लग्नाला मीही गेले. आधी भाऊ राजासारखा हिंडला, पण मग नवंच लचांड उभं राहिलं. हा जिकडं वळेल तिकडं लोक एकतर बाजूला पळायचे, नाहीतर ताठ होऊन दात दाखवायचे. नवरी पाणी पीत होती, तर पेला तोंडाला लावून तशीच थांबली. पुतळ्यांचं लग्न लागल्यासारखं दिसत होतं. आणि मामा ह्याही मुलीला होताच, तो काही कॅमेऱ्यापुढून हटेना. अंगठ्यांची डबी उघडली आणि भावाला दरदरून घाम फुटला.

मी सरळ त्याच्या खांद्यावरचा कॅमेरा काढून माझ्या खांद्यावर घेतला. तुझ्या आईला, मावशीला ह्याच खांद्यावर झोपवलंय, त्यापुढं ते खोकं म्हणजे कापूस.

"ह्या मामाला मी बघते," मी म्हटलं. "तू तुझी साबणाची डबी काढ आणि जा."

मी हळूहळू मागं सरकत गेले, मामा पुढं येत गेला. त्याच्यामागं ज्यांना ज्यांना दिसायची हौस होती ते सगळे. अशी सगळी वरात मी दारापर्यंत ओढत नेली. तिकडं भावाकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. नवरदेवाची अंगठी बोटात अडकली, नवरी हळूच हसली, तिच्या बापानं डोळे पुसले, सगळं त्यानं टिपलं. फिल्म बघताना व्यापाऱ्यानं ते डोळे पुन्हा पुसले आणि धाकटीच्या लग्नाचंही कबूल केलं.

मामा मात्र फुगला. मी कुठाय म्हणाला. भावानं माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यातली फिल्म काढून दिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत मामाच मामा, समोरून, जरासा तिरपा.

परवा त्या मामाचा फोन आला, त्याच्या मुलाचं लग्न आहे म्हणून. भावाला म्हणाला, कॅमेरा कुठलाही चालेल, पण त्या बाईंना नक्की आणा.

चल, पुरे झालं लिहिणं. जरा खांद्याला तेल चोळून दे.